नंबर खाली आहे

ताईच्या नातवाचं जावळ होतं. शाहूपुरीतल्या तिच्या घरात सकाळपासून पाहुण्यांची ये-जा, स्वयंपाकघरात तांबड्या रश्श्याला उकळी, पांढऱ्यासाठी नारळ खवणारे चार हात आणि पुढच्या खोलीत पाटासमोर वस्तरा पुसत बसलेला न्हावी. बाळाची आत्या केस झेलायला कणकेचा गोळा घेऊन सज्ज होती. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मामा म्हणजे ताईचा मुलगा, मिरजेला असिस्टंट लोको पायलट, रेल्वे इंजिनाचा सहायक ड्रायव्हर. सकाळी मोटरसायकल हाणत आला होता, अंघोळ करून नवा शर्ट घालून मांडी घालून बसला होता, बाळाला मांडीवर घेतलंही होतं. न्हाव्यानं पाण्याचा हात बाळाच्या डोक्यावरून फिरवला आणि याचा फोन वाजला. "हो सर. हो. साइन ऑन किती वाजता?" एवढंच बोलला. बाळ शेजारी बसलेल्या चुलत मामाच्या मांडीवर ठेवलं, आतून बॅग घेतली, आईच्या पाया पडला आणि बूट घालून निघाला. ताई त्याच्यामागं डबा घेऊन जिन्यापर्यंत धावली, तोवर गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला होता. सगळे क्षणभर गप्प झाले. कोणीतरी म्हणालं, काय ही नोकरी. तेव्हा खुर्चीत बसलेले आप्पा, माझे आणि ताईचे वडील, शांतपणे म्हणाले, "नंबर खाली हाय त्येचा. जाऊ दे."

माझ्या मनात तेव्हापासून ते वाक्य रुतून बसलंय. आप्पांच्या आवाजात चीड नव्हती, कीवही नव्हती. उलट आपल्या ओळखीचा एखादा नियम व्यवस्थित चालू आहे हे दिसल्यावर माणसाला जो निवांतपणा येतो, तो त्यात होता. आजोबानं नातवाबद्दल असं बोलावं याचा मला आधी राग आला. मग लक्षात आलं की हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. फक्त तेव्हा खालचा नंबर आप्पांचा असायचा.

आप्पा गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमचं बालपण गेलं. त्या घराची रात्र इतर घरांच्या रात्रीसारखी सलग नसायची. कधीही, म्हणजे अगदी कधीही, अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज यायचा, मग कडी वाजायची आणि कॉलमनची हाक: "गार्डसाब, कॉल!" त्याच्या काखेत लांबट कॉल बुक असायचं. त्यात गाडीचा नंबर, हजर व्हायची वेळ, कॉल दिल्याची वेळ आणि पुढं सहीची जागा. आप्पा अर्धवट झोपेत दाराच्या चौकटीवर वही टेकवून सही करायचे आणि टॉर्च धरायचं काम माझं. त्या उजेडात मला वरच्या रकान्यातल्या बाकीच्या सह्या दिसायच्या, कुठल्या कुठल्या घरांत आज दिवा लागलाय ते कळायचं. कॉल गेला की साधारण दोन तास हातात. आई स्टोव्ह पेटवायची. पिठलं-भाकरी, कांदा-लसूण चटणीची डबी, आणि रनिंग रूमच्या, म्हणजे परगावच्या विश्रांतीगृहाच्या, आचाऱ्याकडे शिजवून घ्यायला तांदूळ-डाळीच्या दोन छोट्या पिशव्या. काळ्या रंगाच्या पत्र्याच्या लाइन बॉक्समध्ये लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, रुळावर ठेवायच्या इशाऱ्याच्या फटाक्यांचा, डिटोनेटरचा डबा, नियमांचं पुस्तक. बॉक्सवर पांढऱ्या रंगात आप्पांचं नाव होतं आणि त्याखाली मिरजेची तीन अक्षरं, एम आर जे.

मालगाडीचा गार्ड कधी परत येईल हे कोणालाच सांगता येत नसे. मिरज-पुणे तेव्हा एकेरी मार्ग, समोरून एक्सप्रेस आली की मालगाडी लूपवर, बाजूच्या रुळावर. ताकारीला तासभर, शेणोलीला दोन तास, आदर्कीला त्याहून जास्त. शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये आप्पा एकटे. पंखा नाही, दिवा नाही, बाहेर उसाची शेतं आणि पोटात हादरे. लोंढ्याच्या बाजूला गेले तर दोन-दोन दिवस पत्ता नसायचा. शाळेच्या गॅदरिंगला, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, ताईच्या साखरपुड्याला आप्पा नव्हते. मी चिडून विचारायची, शेजारचे काका कसे काय घरी असतात? आई म्हणायची, त्यांचा नंबर वर आहे.

तो नंबर कागदावर होता. सीनियॉरिटी लिस्ट. ऑफिसच्या भिंतीवर लागायची. टंकलेखनाची, कधी सायक्लोस्टाइल केलेली. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, प्रवर्ग, शेरा. हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवा, असं खाली लिहिलेलं असायचं. आप्पांच्या लोखंडी ट्रंकेत तिची एक प्रत असे. महिनाअखेरीला कोणी निवृत्त झालं की संध्याकाळी ते प्रत बाहेर काढायचे, पेन्सिल घ्यायचे आणि त्या नावावर पट्टीनं सरळ रेघ ओढायचे. मग बोट वरून खाली सरकवत आपल्या नावापर्यंत यायचे. वरचा एक कमी झाला म्हणजे आपण एक पायरी चढलो. पण कोणी नोकरीत असतानाच गेलं तर त्याच्या नावावर ते रेघ मारत नसत. नावाशेजारी बारीक अक्षरात तारीख लिहायचे, एवढंच. आम्ही चौथीत-पाचवीत असताना वरच्या नंबरचे एक गार्ड हृदयविकारानं गेले. आप्पा स्मशानातून आले, अंघोळ केली, जेवले नाहीत. ट्रंक बरेच दिवस उघडली नाही. त्या माणसाच्या जाण्यानं आपल्या वडिलांचा नंबर एकानं वर सरकला हे मला कळलं होतं आणि ते कळल्याची लाज वाटली होती. ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही.

आप्पा खरं तर इतके खाली असायला नको होते. ते नोकरीला लागले दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, घरापासून लांब. भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलमधून चांगल्या गुणांनी बाहेर पडले होते, आणि रेल्वेत ते गुण आयुष्यभर पुरतात, कारण ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेतल्या क्रमानं बॅचमधलं ज्येष्ठत्व ठरतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरानं एका पेपरात दोन गुण जास्त मिळवले तर तीस वर्षांनी त्याला एक्सप्रेस आधी मिळते. आप्पांचं तिकडं बस्तान बसत होतं. तेवढ्यात इकडं कोल्हापुरात आजी अंथरुणाला खिळली. काका लहान, घरात बघणारं कोणी नाही. आप्पांनी स्वतःच्या विनंतीवरून बदली मागितली आणि ती मिळाली. विनंती बदलीला एक अट असते, सगळ्या रेल्वेवाल्यांना ती तोंडपाठ आहे: बॉटम सीनियॉरिटी. नव्या डिव्हिजनमध्ये तुमच्या हुद्द्याची जेवढी माणसं आधीपासून आहेत, त्या सगळ्यांच्या खाली तुमचं नाव. तुमची आधीची वर्षं पेन्शनला धरली जातात, यादीत धरली जात नाहीत. आप्पांनी त्या कागदावर सही केली. त्यांच्याहून वयानं लहान, त्यांच्यानंतर नोकरीला लागलेली माणसं यादीत त्यांच्या वर बसली. आजीला पुढं बरीच वर्षं मिळाली आणि ड्युटी नसेल तेव्हा आप्पा सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला येऊन तिला स्वतःच्या हातानं खिमटी भरवत. आम्ही मात्र त्या सहीचं मोल कॉल बुकच्या सह्यांनी फेडलं.

रेल्वेबाहेरच्या माणसाला वाटतं, सीनियर म्हणजे जास्त पगार आणि मोठी गाडी. तेही आहेच. रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांना, किलोमीटरप्रमाणे भत्ता मिळतो, आणि मेल-एक्सप्रेस एका ड्युटीत जेवढे किलोमीटर तोडते तेवढे मालगाडी लूपवर उभी राहून कुठून तोडणार? पण घरातून पाहिलं तर वरच्या नंबरचं खरं देणं वेगळं आहे. ते म्हणजे लिंक. पॅसेंजर आणि एक्सप्रेस गाड्यांच्या ड्युट्या एका चक्रात बांधलेल्या असतात: आज ही गाडी घेऊन पुण्याला, तिथं रनिंग रूममध्ये विश्रांती, उद्या ती गाडी घेऊन परत, मग हेडक्वार्टरची, म्हणजे घरच्या ठाण्यावरची विश्रांती, मग पुढची. लिंकमध्ये नाव लागलं की माणसाला पुढच्या आठवड्यात मंगळवारी आपण कुठं असू हे सांगता येतं. खालचे ते स्पेअर, म्हणजे राखीव, किंवा मालगाडीवर. जो आधी परतला तो आधी निघणार, पण गाडी कधी येणार हे गाडीलाच माहीत. त्यांना उद्याची संध्याकाळ माहीत नसते.

वरच्याला मिळतो तो उद्या.

आप्पांचं नाव एक्सप्रेसच्या लिंकमध्ये लागलं तेव्हा मी डी.एड. करून गगनबावडा तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झाले होते, ताई सासरी नांदत होती. शेवटच्या काही वर्षांत त्यांना महालक्ष्मी मिळाली. कोल्हापूरहून रात्री निघणारी, आमच्या गावाची मानाची गाडी. पांढराशुभ्र गणवेश, इस्त्रीची घडी, खिशात शिट्टी. मी एकदा मुद्दाम स्टेशनवर गेले होते. १८८८ साली कोवळ्या वयातल्या शाहू महाराजांच्या हस्ते या मार्गाची पहिली कुदळ पडली, १८९१ मध्ये मिरजेपर्यंत गाडी धावू लागली, आणि रूळ अजूनही इथंच संपतात. कोल्हापूरच्या पुढं गाडी जात नाही. प्लॅटफॉर्मवर हार-फुलं, कोल्हापुरी चपलांचे खोके, गुळाच्या ढेपा, मुलाला मुंबईला सोडायला आलेलं अख्खं घर. आप्पांनी शेवटच्या डब्याच्या दारात उभं राहून हिरवा दिवा हलवला. किती रुबाबदार दिसत होते ते! आणि त्याच वेळी मला वाटलं की हा माणूस आता दर आठवड्याला ठरलेल्या वेळी घरी असतो, आणि घरी आता आई एकटीच असते. ज्या दिवसांत आम्हाला ते हवे होते ते दिवस यादीच्या खालच्या भागात गेले होते. आईनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मात्र महालक्ष्मीची ड्युटी लागल्यावर तिनं भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि त्यावर आप्पांच्या सुट्टीच्या दिवसांना गोल करायला लागली. त्याआधी आमच्या घरात कॅलेंडरचा उपयोग फक्त एकादशी-संकष्टी पाहण्यापुरता होता.

भाच्याच्या त्या फोननंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता अमेरिकेला पोचले. तिथल्या मालगाड्यांच्या क्रूचं सगळं जगणं या एका यादीवर टांगलेलं आहे, आपल्यापेक्षाही जास्त. जागा रिकामी झाली की तिची जाहिरात लागते, ज्याला हवी तो बोली लावतो, आणि बोली लावणाऱ्यांतला सगळ्यात ज्येष्ठ माणूस ती घेतो. कोणी विचारत नाही की अधिक हुशार कोण. एखादी ड्युटी बंद पडली तर त्या माणसाला आपल्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या कोणाचीही जागा हिसकावून घेण्याचा हक्क आहे. त्याला ते बम्प करणं म्हणतात. ज्याला उठवलं तो आपल्या खालच्याला उठवतो, तो त्याच्या खालच्याला, आणि साखळीच्या शेवटच्याला घरी बसवतात. दिवसपाळीची, शनिवार-रविवार सुट्टीची यार्डातली कामं केस पिकलेल्या लोकांकडे. अगदी खालचे लोक एक्स्ट्रा बोर्डावर, म्हणजे ठरलेली गाडी नाही, ठरलेली वेळ नाही, फोन आला की निघायचं. कायद्यानं एका ड्युटीला १२ तासांची मर्यादा आहे आणि २००८ च्या कायद्यानंतर मधे सलग १० तासांची विश्रांती. बारा तास भरले की गाडी माळरानावर असली तरी तिथंच थांबते आणि दुसरा क्रू मोटारीनं आणतात. २०२२ मध्ये तिथं संपाची वेळ आली. भांडण पगाराइतकंच आजारपणाच्या भरपगारी रजेचं आणि हजेरीच्या नियमांचं होतं. डिसेंबरात संसदेनं कायदा करून करार लादला आणि संप टळला. ती रजा त्या करारात आली नाही. मी हे वाचत होते आणि मला सारखा तो पाट, तो कणकेचा गोळा आठवत होता. हजारो मैलांवर कुठल्यातरी घरातही कोणाच्या तरी मांडीवरचं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर जात असणार.

मग इतकी कठोर पद्धत लोकांनी का स्वीकारली? नुसती स्वीकारली नाही, झगडून मिळवली. अमेरिकेतल्या इंजिन ड्रायव्हरांची संघटना १८६३ सालची. त्या काळी कोणाला कुठली गाडी हे डेपोचा साहेब ठरवायचा. म्हणजे साहेबाचा नातेवाईक, साहेबाला दारू पाजणारा, साहेबासमोर मान खाली घालणारा यांना चांगल्या गाड्या, आणि तोंड उघडणाऱ्याला रात्रीच्या. त्या मर्जीवर लोकांनी तारखेचा उतारा शोधला. तारीख लाच घेत नाही, तारखेला नातेवाईक नसतात. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुलून बोलले. "आगं, आमच्यात कुणी कुणाच्या दारात जाऊन हुबं ऱ्हात न्हवतं. साहेब चिडला तरी माझा नंबर त्येला हलवता येत न्हवता. यादी भितीवर हुती. सगळ्यांस्नी दिसत हुती." १९७४ च्या मे महिन्यातला संपही त्यांनी पाहिला. वीस दिवस देशातली रेल्वे अडखळली. संपात उतरलेल्यांच्या नोकरीत खंड धरला गेला, हजारोंना काढून टाकलं, आणि १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर त्यांना परत घेतलं. आप्पा सांगतात, त्या काळात क्वार्टर्समध्ये लोक पगार बुडण्यापेक्षा यादीतली जागा बुडण्याला घाबरत होते.

पण यादीला सगळं दिसत नाही. तारीख निःपक्षपाती असते, पण यादीत नाव कोणाचं घालायचं हे तारीख ठरवत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात इंजिनात कोळसा मारायचं काम कृष्णवर्णीयांकडे होतं. धुराचं, भाजून काढणारं काम, गोऱ्यांना नको असलेलं. पुढं यंत्रं आली, काम हलकं आणि स्वच्छ झालं, तेव्हा गोऱ्यांना ते हवंसं वाटायला लागलं. संघटना गोऱ्यांची, करार करणारी तीच. तिनं रेल्वेशी असा करार केला की ज्येष्ठ असूनही कृष्णवर्णीय फायरमन चांगल्या ड्युटीवरून खाली ढकलले जावेत. बेस्टर स्टील नावाच्या फायरमननं याविरुद्ध दावा लावला, आणि १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की जी संघटना सगळ्यांच्या वतीनं बोलते तिला सगळ्यांशी न्यायानं वागावंच लागेल. हे वाचलं आणि मी आपल्या स्टेशनच्या पाटीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्या पाटीवर ज्या राजाचं नाव आहे त्यानं २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. रांगेत कोण पुढं हे विचारण्याआधी रांगेत कोणाला उभंच राहू दिलं नाही हे विचारायचं असतं, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. शेजारच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या, तोवर आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या याद्यांत बाईचं नाव नव्हतं. त्यांनीही मालगाडी, लोकल, मेल असा एकेक टप्पा चढत मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. उडी मारायची सोय त्यांनाही नव्हती. पण यादीत शिरणं हीच पहिली लढाई होती.

आपल्या कोल्हापुरात क्रमाचं वेड काही नवं नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या निघतात तेव्हा पहिला मान पाडळीच्या काठीचा, आणि मागच्या काठ्यांचे क्रमही ठरलेले. गुलालात न्हालेली, तोल सावरत उंच काठी नाचवणारी माणसं त्या क्रमासाठी जीव टाकतात. पण तो मान आहे, तो पिढ्यानपिढ्या तिथंच राहतो. पाडळीची काठी कधी मागं जात नाही आणि मागची कधी पहिली होत नाही. रेल्वेची यादी मात्र दर महिनाअखेरीला हलते. तिच्यात खालच्याला वर जायचं वचन आहे. त्या वचनावर माणसं तारुण्य काढतात. आप्पांचा तो निवांतपणा बहुधा यातून येतो: भाचा आज गेला, कारण उद्या कोणी दुसरा जाईल आणि हा बसेल.

मला हे पटतं आणि पटत नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, पहिली वर्षं डोंगरातल्या शाळांवर काढली, आणि सेवाज्येष्ठतेनं शहराजवळ आले. त्याचा मला फायदाच झाला. पण डोंगरातल्या शाळेतही मला सुट्टी कधी हे माहीत होतं. गाडी कोणाला मिळावी हे यादीनं खुशाल ठरवावं. महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया, वंदे भारत, ज्याची तारीख जुनी त्याला द्या, त्यात कोणाची हरकत नाही. झोप आणि घरचा दिवस मात्र यादीतल्या नंबरावर सोडू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. इंजिनात पहाटे तीन वाजता सिग्नल ओरडून सांगणारा असिस्टंट यादीत शेवटचा असला तरी त्याचे डोळे पहिल्या नंबरच्या माणसाइतकेच उघडे हवेत. मागं बसलेल्या हजार-बाराशे प्रवाशांना त्याचा नंबर माहीत नसतो. २०२४ च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी हेच मागितलं: ड्युटीनंतरचे १६ तास आणि आठवड्याची ३० तासांची विश्रांती एकात एक मोजू नका, वेगवेगळी धरा. ४६ तास. किती साधी मागणी आहे ही. घरी येऊन एक दिवस आणि दोन रात्री. एक जावळ त्यात सहज बसतं.

आप्पांशी माझा यावर वाद झाला. ते म्हणतात, सगळ्यांना ठरलेली सुट्टी द्यायची तर माणसं जास्त लागतील. मी म्हटलं, मग भरा. ते म्हणाले, "भरत्यात की आता." ते खरंही आहे. २०२४ मध्ये असिस्टंट लोको पायलटांच्या जागा आधी ५,६९६ जाहीर झाल्या होत्या, त्या वाढवून १८,७९९ केल्या. आप्पा हे आकडे मला पेपरातून कापून दाखवतात. त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक नवा पोरगा म्हणजे नातवाच्या खाली एक माणूस. वरून माणसं कमी होण्याची वाट पाहण्यापेक्षा खालून माणसं येण्याची वाट पाहणं त्यांना कधीही बरं वाटतं. ट्रंकेतल्या त्या तारखा आठवल्या की मलाही ते समजतं.

आता भाच्यानं नवीनच काढलंय. त्याची बायको नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला दीड वर्ष झालं, दोघांच्या सुट्ट्या एका दिवशी येत नाहीत. तो विनंती बदली मागतोय, भुसावळ डिव्हिजनला. म्हणजे पुन्हा तीच अट, बॉटम सीनियॉरिटी. मिरजेला त्याच्या खाली आता कुठं थोडी नावं जमायला लागली होती. ताई चिडली आहे. एवढी वर्षं काढलीस, आता दिवस बघायची वेळ आली तर सगळं टाकून परत तळाला जाऊन बसणार का, आणि तेही बायकोसाठी, असं तिनं त्याला तोंडावर विचारलं. ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण आप्पांनी हेच आजीसाठी केलं होतं आणि त्याचं आपण सगळे कौतुक करतो. मी ताईला तसं म्हणाले. ती म्हणाली, आप्पांचं वेगळं होतं. वेगळं काय होतं ते तिला सांगता आलं नाही.

गेल्या रविवारी त्याला हेडक्वार्टरची विश्रांती होती, तो आला आणि अर्ज आप्पांच्या पुढ्यात ठेवला. मला वाटलं, ते समजावतील, नको म्हणतील, किंवा स्वतःचं काहीतरी सांगतील. त्यांनी चष्मा लावला, अर्ज नीट वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली. मग विचारलं, "तिकडची यादी बघितलीस का? नवी बॅच कवा येणार हाय?" त्यानं मोबाइलवर काढून दाखवली. दोघं डोकं लावून बसले. तिकडं पाच वर्षांत किती जण निवृत्त होतील, नव्या बॅचआधी बदली झाली तर खाली किती येतील, नंतर झाली तर किती जण डोक्यावर बसतील. "मग ह्याच महिन्यात दे," आप्पा म्हणाले. "बॅच रुजू व्हायच्या आत नाव लागाय पायजे." ताई आतून भांडी जरा जोरात ठेवत होती. भाच्यानं तारीख दुरुस्त केली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉबीत, ड्युटीच्या हजेरीच्या ऑफिसात, जाऊन अर्ज देऊन आला.